एअर शॉक घरी उघडायचा असेल तर आधी हवा, मग मोजमाप, ऑईल आणि शिम सगळ्यात शेवटी

तू विचारलंयस ते थोडक्यात असं: सेकंडहँड फुल सस्पेन्शन सायकल घेतलीस, मागे 200 बाय 57 चा (200 मिमी लांब, 57 मिमी स्ट्रोक म्हणजे दबण्याची जागा) एअर शॉक आहे, आठवड्याभरात हवा कमी होते, उतारावर शॉक दाबला गेला की पचपच आवाज येतो, पुण्यातल्या वेताळ टेकडीच्या दगडांवर मागचं चाक ठणाठण आपटतं, वजन 61 किलो, आधी चालवणारा चांगला धिप्पाड होता, आणि सर्व्हिसला पाठवला तर महिनाभर सायकल भिंतीला टेकून राहणार. म्हणून घरीच उघडून हलकं ऑईल टाकू का आणि शिम (ऑईल अडवणाऱ्या स्टीलच्या पातळ चकत्या) काढू का.

उघड, जरूर उघड, पण हलकं ऑईल आणि शिम हा शेवटचा भाग आहे आणि तू तिथूनच सुरुवात करायला निघालायस. मी गेली बरीच वर्षं कोथरूडात घरामागच्या शेडमध्ये हेच काम करतोय, आणि माझ्याकडे "दादा, उघडला होता, आता बसत नाही" म्हणून जे शॉक येतात त्यातल्या बहुतेकांना शिमला हात लावायची गरजच नव्हती. तुझ्या तीन तक्रारी शॉकच्या तीन वेगवेगळ्या जागांच्या आहेत, त्या एकत्र करू नकोस.

हवा जाते ती एअर कॅनच्या (हवेच्या बाहेरच्या नळकांड्याच्या) सीलमधून नाहीतर व्हॉल्व्हमधून. पचपच आवाज म्हणजे बहुतेक वेळा डॅम्परच्या (शॉकची हालचाल आवरणाऱ्या आतल्या भागाच्या) ऑईलमध्ये हवा शिरलीय. (काही शॉकना लॉकआउटच्या, म्हणजे शॉक कडक करायच्या खटक्याच्या, व्हॉल्व्हमधून ऑईल जाताना थोडा आवाज मुळातच असतो, पण तो सुस्कारा टाकल्यासारखा असतो, चिखलात पाय पडल्यासारखा पचाक नसतो.) आणि चाक आपटतं ते एकतर प्रेशर चुकीचं, नाहीतर रिबाउंड (दबलेला शॉक परत वर येणं) तुझ्या वजनाला फार हळू, नाहीतर सरळ बुश (शॉकच्या टोकाच्या भोकातली बाही) खाल्लेलं. हे शेवटचं आत्ताच बघ. सायकल उभी कर, सीट धरून हलकेच वर उचल आणि दुसऱ्या हाताचं बोट आयलेट (म्हणजे ते टोकाचं भोक) आणि फ्रेमच्या सांध्यावर ठेव. बोटाला टक् असं लागलं तर बुश गेलंय, किंवा लिंकेजचं (शॉकला मागच्या चाकाशी जोडणाऱ्या सांध्यांचं) बेअरिंग. बेअरिंगवर नंबर असतो, तो लिहून घेऊन नाना पेठेत गेलास की मिळून जातं, आणि एवढ्यावरच अर्धा ठणठणाट थांबल्याची उदाहरणं मी बघितली आहेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे वाचल्याशिवाय पान्याला हात लावू नकोस. एअर शॉकमध्ये हवा दोन जागी असते, पॉझिटिव्ह चेंबरमध्ये आणि निगेटिव्ह चेंबरमध्ये. पंपाने तू भरतोस ती पॉझिटिव्हमध्ये, तिथून ती एका छोट्या वाटेने निगेटिव्हमध्ये जाते, आणि ही वाट फक्त शॉक जवळजवळ पूर्ण उघडा असतानाच मोकळी असते. मधलं सील खराब झालं की हवा हळूहळू निगेटिव्हमध्ये जमा होते, परत येत नाही आणि शॉक आत ओढला जाऊन तिथेच बसतो. असा आत बसलेला शॉक दिसला, व्हॉल्व्हमधून हवा सगळी सोडली तरी तो लांब होत नाहीये असं दिसलं, तर एअर कॅन फिरवायचा नाही. आत अजून शंभर-दोनशे पीएसआय आहे आणि शेवटच्या आट्यावर आला की तो कॅन बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. माझ्या शेडच्या पत्र्याला आतून एक पोचा आहे, तो अशाच एका कॅनचा आहे, माझा एक मित्र घाईत होता, मी "थांब" म्हणेपर्यंत त्याने शेवटचा आटा सोडला होता, डोकं सहा इंच बाजूला होतं म्हणून वाचला. त्या दिवसापासून आत बसलेला शॉक मी व्हाईसमध्ये (शिकंज्यात) लावतच नाही, आधी पंपाने शॉकवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या आत प्रेशर देऊन तो बाहेर येतो का बघतो, आला तर ठीक, नाही आला तर ज्यांच्याकडे तो धरून ठेवायची खास साधनं आहेत त्यांच्याकडे जातो. इथे पैसे वाचवू नकोस.

चांगल्या स्थितीतल्या शॉकचीसुद्धा हवा हळू सोडायची. थोडी सोड, शॉक थोडा दाबून सोड, परत थोडी, म्हणजे दोन्ही चेंबर बरोबरीने रिकामे होतात. झटकन सोडलीस तर निगेटिव्हची हवा आत अडकते. सगळी गेली की व्हॉल्व्हची कोर काढून ठेव, डोळ्यांवर चष्मा, खालच्या आयलेटमधून एक जाड फडकं आरपार ओवून ठेव म्हणजे कॅन सुटलाच तर फडक्यात अडेल, आणि तोंड कधीही शॉकच्या रेषेत आणायचं नाही.

एअर कॅनची सर्व्हिस मात्र प्रत्येकाने घरी करावी असं माझं ठाम मत आहे. रॉकशॉक्स ही शॉक बनवणारी कंपनी ती दर 50 तास चालवल्यावर करायला सांगते आणि डॅम्परची 200 तासांनी. आपल्याकडे जून ते सप्टेंबर लाल चिखलात चालवणाऱ्याने 50 तासांचीही वाट बघू नये. कॅन हाताने नाहीतर स्ट्रॅप पान्याने सुटतो, ग्रिप पान्याने धरायचा नाही, चरे पडतात. आत जुनं ग्रीस काळं, कणीदार झालेलं दिसेल, ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसून काढ. रॉकेल, पेट्रोलात सील बुडवू नकोस, रबर फुगतं. सील काढायला स्क्रू ड्रायव्हरचं टोक वापरू नकोस, बांबूची टूथपिक घे, सील ज्या खाचेत बसतं तिथे एक बारीकसा ओरखडा पडला तरी नवीन सीलही गळणार.

सील किट शॉकच्या मॉडेलचाच घे. पुण्यात ओ-रिंग कुठेही मिळते, आतला व्यास आणि जाडी वर्नियरने मोजून "नायट्राईल, 70 शोर" (रबराचा प्रकार आणि कडकपणा) म्हणून मागितलीस की दुकानदार काढून देतो, आणि व्हॉल्व्हखालच्या किंवा कॅनच्या आट्याखालच्या न हलणाऱ्या जागेसाठी ती चालतेसुद्धा. पण घासत हलणारी मुख्य सील चौकोनी छेदाची असतात, सोबत कडक बॅकअप रिंग असते, तिथे साधी ओ-रिंग घातलीस तर चार राईडमध्ये पिळवटून जाईल.

परत बसवताना सस्पेन्शनचंच ग्रीस, सायकलच्या बेअरिंगचं नाही, ते घट्ट असतं आणि निगेटिव्हच्या वाटेत जाऊन बसतं. कॅनमध्ये थोडं वंगणाचं ऑईल घालायचं असतं, किती ते मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये मिलिलिटरमध्ये दिलेलं असतं, एक-दोन मिलीचा प्रश्न असतो, इंजेक्शनच्या सिरिंजने मोजून घाल. म्हणूनच शाफ्टवर (शॉकच्या आतबाहेर होणाऱ्या दांड्यावर) ऑईलचा पातळ पदर दिसला की लगेच "डॅम्पर फुटला" म्हणून घाबरायचं नाही, तो इथला असतो. कॅन उघडल्यावर आत घातलं होतं त्यापेक्षा खूप जास्त ऑईल निघालं तर मात्र डॅम्परचं सील गळतंय.

कॅन बसवला की 50-50 पीएसआयने भर, प्रत्येक टप्प्यावर दहा वेळा हळू दाबून सोड म्हणजे निगेटिव्हही भरतं. मग साबणाचं पाणी ब्रशने लाव आणि शांतपणे बघत बस. माझ्या अंदाजाने तुझी आठवड्याची गळती इथेच संपेल.

आता आपटण्याचं. हे नीट समजून घे कारण तुझ्यासारख्या हलक्या माणसाचा खरा प्रश्न इथे आहे. 61 किलोच्या माणसाला 85 किलोवाल्यापेक्षा कमी प्रेशर लागतं, म्हणजे स्प्रिंगच मऊ होते. पण रिबाउंडचा डॅम्पर तोच राहतो, आणि तो मधल्या वजनाच्या माणसाला धरून केलेला असतो. मऊ स्प्रिंगला तो फार कडक पडतो, शॉक एका दगडावर दबतो आणि परत वर यायच्या आत पुढचा दगड आलेला असतो, मग त्याच्यापुढचा, असं करत शॉक खाली खाली बसत जातो आणि शेवटी चाकाला हलायला जागाच उरत नाही. चालवणाऱ्याला वाटतं शॉक कडक आहे म्हणून तो हवा कमी करतो, आणि ते अजून बिघडतं.

तेव्हा क्रम असा ठेव. आधी सॅग, म्हणजे नुसत्या तुझ्या वजनाने शॉक किती बसतो ते. 57 मिमी स्ट्रोकचे 30 टक्के म्हणजे साधारण 17 मिमी, 25 टक्के म्हणजे 14. हेल्मेट, बॅग, पाण्याची बाटली सगळं घेऊन सायकलच्या पेडलवर उभा राहा आणि शाफ्टवरची रबरी रिंग कुठे जाते ते मोज. मग रिबाउंडचा नॉब पूर्ण उघडा (सगळ्यात वेगवान) करून फुटपाथच्या कडेवरून बसल्या बसल्या उतर. मागचं टोक वर येऊन थोडं पुढे जाऊन परत स्थिर व्हायला हवं. पूर्ण उघड्यावरही ते आळसावल्यासारखं वर आलं, तर आणि तरच रिबाउंड हलका करायची मॉडिफिकेशन तुझ्या कामाची.

व्हॉल्यूम स्पेसर (कॅनमधली हवेची जागा कमी करणारे तुकडे) पण आत्ताच बघ, कारण ते फुकटातलं ट्युनिंग आहे. आधीचा माणूस जड होता म्हणतोस, त्याने शॉक तळाला आदळू नये म्हणून कॅनमध्ये स्पेसर घातलेले असण्याची दाट शक्यता आहे. समज चेंबर 100 मिलीचा आहे आणि पूर्ण दाबल्यावर 40 उरतो, तर आतलं प्रेशर अडीच पट होतं. त्यात 10 मिलीचा स्पेसर घातला की 90 चे 30, म्हणजे तिप्पट. सुरुवातीला फरक कळत नाही, शेवटच्या टप्प्यात भिंत उभी राहते. तुझी रबरी रिंग मोठ्या उतारानंतरही शेवटपर्यंत जात नसेल तर एक स्पेसर काढून बघ, दहा मिनिटांचं काम आहे.

एवढं करून पचपच राहणारच, कारण ती डॅम्परमध्ये आहे. आता डॅम्पर.

आत काय आहे ते डोळ्यासमोर आण. ऑईलने भरलेली नळी, त्यात शाफ्टच्या टोकाला पिस्टन, पिस्टनच्या दोन्ही बाजूंना पातळ स्टीलच्या चकत्या म्हणजे शिम, आणि नळीच्या तळाशी एक तरंगता पिस्टन, ज्याला सगळे आयएफपी म्हणतात. त्याच्या एका बाजूला ऑईल, दुसऱ्या बाजूला दाबाखालचा नायट्रोजन. ऑईल दाबलं जात नाही, म्हणून शाफ्ट आत शिरला की त्याने व्यापलेल्या जागेइतका आयएफपी मागे सरकतो. 9 मिमीचा शाफ्ट 50 मिमी आत गेला तर 3.2 मिली जागा घेतो, नळीचा आतला व्यास 24 मिमी धरला तर आयएफपी 7 मिमी सरकतो. आता आयएफपीमागे 20 मिमी उंचीचा गॅस 300 पीएसआयवर असेल तर पूर्ण दाबल्यावर तो 470 च्या आसपास जाईल. तू बसवताना आयएफपी 6 मिमी जास्त खोल बसवलास, मागे 14 मिमीच गॅस राहिला, तर तेच प्रेशर 600 च्या वर. हे आकडे उदाहरणासाठी घेतलेत, तुझ्या मॉडेलचा आयएफपीचा खोलीचा आकडा मॅन्युअलमध्ये दशांश मिलिमीटरपर्यंत दिलेला असतो, आणि तो तसा का दिलाय हे या हिशोबावरून कळावं. वर्नियरची मागची दांडी त्यासाठीच आहे.

गॅस कशाला हवा? पिस्टन जोरात आत आला की त्याच्या मागे दाब कमी होतो, तो फार कमी झाला तर ऑईलमध्ये बुडबुडे होतात आणि बुडबुड्याला डॅम्पिंग नसतं. आयएफपीचं प्रेशर ऑईलला सतत दाबून ठेवतं. तुझा पचपच आवाज म्हणजे एकतर तो गॅस गळून गेलाय, नाहीतर एअर कॅनमधली हवा सीलहेडमधून (ऑईलच्या नळीच्या तोंडावरच्या सीलवाल्या झाकणातून) ऑईलमध्ये शिरलीय.

उघडण्याआधी आयएफपीचं प्रेशर सोडायचंच, डॅम्परचा सीलहेड दाबाखाली उघडलास तर ऑईलची पिचकारी छतापर्यंत जाते. काही मॉडेलमध्ये छोटा व्हॉल्व्ह असतो आणि त्याला खास अडॅप्टर लागतो, काहींमध्ये स्क्रूच्या मागे रबराची गोळी असते आणि भरायला सुई. तुझ्यात काय आहे ते आधी बघ आणि साधन हातात आल्याशिवाय सुरुवात करू नकोस. शाफ्ट धरायला दोन तुकड्यांचा अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा भोसरीत कुठल्याही लेथवाल्याकडून करून मिळतो, बरोबर शाफ्टच्या मापाचं भोक पाडून मधून कापायचं. शाफ्ट पक्कडीत धरायचा नाही. मी सुरुवातीला एकदा फडकं गुंडाळून धरला होता, फडक्यातून दात उमटले, आणि पुढचे दोन महिने तो शॉक गळत राहिला, शेवटी शाफ्टच बदलावा लागला. शाफ्टवरून नख फिरव, नख कुठेही अडकलं तर तो शाफ्ट नवीन सीलही खाणार.

स्टीलची मोठी परात घे आणि त्यात काम कर. ऑईल बाहेर आलं की त्याचा रंग बघ. चांगलं ऑईल पारदर्शक असतं, माझ्याकडे येतं ते बहुतेक वेळा चहासारखं तपकिरी नाहीतर रुपेरी करडं. करड्या रंगात जी चमक दिसते ती अ‍ॅल्युमिनियमची भुकटी आहे, बोटावर चोळून उजेडात धर, चांदीच्या वर्खासारखी पसरते. फेस असेल तर पचपच कुठून होती ते समोरच दिसलं.

शिमची चवड पिस्टनवरून काढताना केबल टायवर ओवत जायची, आहे त्याच क्रमाने, आहे त्याच बाजूने. ऑईलमुळे दोन शिम एकमेकींना अशा चिकटतात की एकच वाटतात, म्हणून प्रत्येकीची जाडी मायक्रोमीटरने नाहीतर चांगल्या वर्नियरने मोजून वहीत लिही. 0.10 आणि 0.15 मिमी डोळ्यांना सारख्याच दिसतात, पण शिमचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो, म्हणजे 0.15 ची एक शिम 0.10 च्या साधारण सव्वातीन-साडेतीन शिमइतकी कडक. म्हणून "एक शिम कमी केली, काय फरक पडतो" असं होत नाही, कोणती काढली त्यावर सगळं आहे.

तुझ्यासाठी मी काय केलं असतं ते सांगतो. पहिल्या वेळी शिमला हात लावला नसता. नवीन सील, कंपनीने सांगितलेल्याच व्हिस्कॉसिटीचं (घट्टपणाचं) नवीन ऑईल, आयएफपी मापाने, गॅस मापाने, एवढंच. कारण तू आत्तापर्यंत हा शॉक बिघडलेल्या अवस्थेतच चालवलायस, तो धड असताना कसा चालतो हेच तुला माहीत नाही. महिनाभर चालव. मग रिबाउंड तरीही हळू वाटलं तर दुसऱ्या वेळी रिबाउंडच्या बाजूची एक जाड शिम काढून तिच्याच व्यासाच्या दोन पातळ टाक, चवडीची एकूण उंची जुळतेय ना बघ, नाहीतर वरचा नट वेगळ्या जागी बसेल. हलकं ऑईल टाकलंस तर रिबाउंड आणि कॉम्प्रेशन (शॉक दबताना होणारा अडथळा) दोन्ही हलकं होतं आणि पेडल मारताना मागचं टोक डुलायला लागतं, म्हणून मला ते कमी आवडतं. आणि डब्यावरच्या 5 डब्ल्यू, 10 डब्ल्यूवर जाऊ नकोस, फोर्क ऑईलमध्ये हे आकडे कंपनीगणिक बदलतात, डेटाशीटवर 40 अंशाला सेंटीस्टोक (घट्टपणाचं माप) किती ते बघून तुलना कर. मोटरसायकलच्या दुकानात मिळणारं चांगलं फोर्क ऑईल चालतं, फक्त हा आकडा जुळायला हवा.

ऑईल भरताना घाई केली की सगळं वाया. नळीत ऑईल भर, पिस्टन हळूहळू खालीवर कर, बुडबुडे वर येऊ दे, मग चहा पिऊन ये. परत कर. बुडबुडे थांबेपर्यंत हेच. सीलहेड बसवून गॅस भरल्यावर, एअर कॅन लावायच्या आधी, शाफ्ट हाताने आतबाहेर कर. दिशा बदलताच त्याच क्षणी अडथळा लागायला हवा. बदलताना दोन-तीन मिलिमीटर मोकळं गेलं तर आत हवा आहे, परत उघड. कंटाळा येईल, तरी उघड.

नायट्रोजनचं सगळे विचारतात. टायरवाल्याकडचा नायट्रोजन कामाचा नाही, तो टायरच्या प्रेशरला भरतो, आपल्याला 300-350 पीएसआय किंवा जास्त लागतं. व्हॉल्व्हवालं मॉडेल असेल तर हाय प्रेशर शॉक पंपाने साधी हवा भरून भागतं, हवेतही 78 टक्के नायट्रोजनच आहे, अडचण बाष्पाची, म्हणून हे काम जुलैत न करता कोरड्या दिवसात कर. एक गोष्ट लक्षात ठेव, भरल्यावर "बघू किती आहे" म्हणून परत पंप लावायचा नाही. मघाच्या उदाहरणातला गॅसचा कप्पा 9 मिलीचा आहे, पंपाच्या नळीत 3 मिली शिरले तर 300 चे 220 झालेच म्हणून समज. शंका आली तर परत पूर्ण भर. सुईवालं मॉडेल असेल तर गॅस भरण्यापुरतं सर्व्हिसवाल्याकडे जा.

जुनं ऑईल मोरीत ओतू नकोस, जवळच्या टू-व्हीलर गॅरेजवाल्याच्या पिंपात दे. आणि वॉशिंग सेंटरचा फवारा शॉकच्या सीलवर धरू देऊ नकोस, चिखल आत ढकलला जातो.

जोडून झाला की पहिली राईड तळजाईच्या साध्या वाटेवर कर, वेताळच्या दगडात नको. घरी आल्यावर रबरी रिंग कुठे आहे, शाफ्टवर ऑईलचा पदर आहे की थेंब, एवढं बघ, दुसऱ्या दिवशी सॅग परत मोज. उघडल्यावर शाफ्टचा आणि पिस्टनच्या खाचांचा फोटो टाक, ट्यूबलाईटखाली नको, दिवसा खिडकीत तिरका धरून काढ, ओरखडे त्यातच दिसतात.